स्क्रू बसला की थांबायचं

पाथर्डीत ज्यांच्या घरी मी भाड्याने राहिले, त्या बाईंनी खोली दाखवताना मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, अंडी-मटण शिजवतेस का तेही विचारलं नाही. दारात उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "सामानात मोडकं काय काय आहे?"

मी नगरजवळच्या केडगावची. पोस्टात लागले आणि बदली होऊन पाथर्डीला आले तेव्हा माझ्याकडे एक बॅग, एक गादी आणि एक टेबलफॅन एवढंच होतं. फॅनची पुढची जाळी मी सुतळीने बांधलेली होती.

"फॅन आहे," मी म्हणाले. "चालतो, पण खडखडतो. स्क्रूचे आटे गेलेत."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "तो वर नेऊ नको. इथंच ठेव," त्या म्हणाल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फॅन जिन्याच्या पायरीवर होता. सुतळी घडी करून शेजारी ठेवली होती. मी वर नेऊन लावला, तर चालू आहे की नाही हे पात्यांकडे बघून ठरवावं लागलं, इतका तो गप्प झाला होता.

सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. त्या मूळच्या श्रीरामपूरच्या, ख्रिस्ती घरातल्या. नर्स म्हणून या भागातल्या दवाखान्यांत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर माहेरी न जाता इथंच घर घेऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, सडसडीत बांधा, कायम पांढरी साडी, आणि दुसऱ्या बायका जिथे किल्ल्यांचा जुडगा खोचतात तिथे यांचा बारका स्क्रूड्रायव्हर खोचलेला. रविवारी प्रार्थनेला जातानाही तो असायचा.

मिक्सर, फॅन, कुलर, रेडिओ, काहीही उघडून पाहिलं तर आत प्लास्टिकच्या छोट्या पोकळ खुंट्या दिसतात. स्क्रू त्यात जाऊन बसतो आणि वस्तूचे दोन भाग एकमेकांना धरून राहतात. ही खुंटी चिरते, मुळातून मोडते किंवा तिचे आटे झिजतात, आणि मग स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. सिस्टरनी निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य या खुंटीला वाहिलं होतं. मोटर जळाली, वायर तुटली असं काही घेऊन कोणी आलं की त्या सरळ परत पाठवायच्या. "त्याला बाजारात माणसं बसलीत. खुंटीला कोणी नाही," असं म्हणायच्या.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका लहान दवाखान्यात दम्याच्या लेकरांना वाफ द्यायचं मशीन होतं. त्याचं झाकण बसेना, म्हणून ते कोठीत टाकून दिलं होतं. एका पावसाळ्यात एक बाई धापा टाकणारं पोरगं घेऊन आली. डॉक्टर गावाला गेलेले. सिस्टरनी कोठी उघडली, मशीन काढलं, झाकण हाताने दाबून धरलं आणि पोराचा श्वास सुरळीत होईपर्यंत तशाच धरून बसल्या.

"मशीन चांगलं होतं गं," त्या म्हणाल्या. "आत करंगळीएवढा तुकडा मोडला होता. तेवढ्यासाठी ते अंधारात पडून होतं आणि लेकरं आम्ही नगरला धाडत होतो."

मग तो तुकडा कसा बसवला ते त्या सांगत बसल्या, आणि त्या पोराचं पुढे काय झालं हे मला मुद्दाम विचारावं लागलं. "ते? ते आता ट्रॅक्टर चालवतं," म्हणाल्या आणि पुन्हा खुंटीवर आल्या.

त्यांच्या पुढच्या खोलीत बसायला एकच खुर्ची रिकामी असायची. बाकी सगळीकडे बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि त्यात फुटक्या बादल्या, रिमोटची झाकणं, स्विचबोर्ड, खेळण्यांचे तुकडे. कामाचे पैसे त्या घेत नसत. "घरात फुटकं प्लास्टिक असेल तर आण," म्हणायच्या. लोकही आणायचे. आलेला प्रत्येक तुकडा आधी पाण्याच्या वाडग्यात पडायचा. त्यांच्या लेखी जगातलं प्लास्टिक दोन प्रकारचं होतं, तरंगणारं आणि बुडणारं. बुडणाऱ्याला बहुतेक वेळा गोंद धरतो, भेगा बुजवायची लांबी धरते. त्यातलंही काही नखांचा रंग काढायच्या औषधात विरघळतं, मग त्याच जातीच्या तुकड्यांचा रबडीसारखा लगदा करून चीर बुजवता येते. तरंगणाऱ्याला काहीच चिकटत नाही. त्याला आरपार भोक पाडून नट-बोल्टच मारावा लागतो. असा बोल्ट मारायची वेळ आली की सिस्टरना वाईट वाटायचं. वस्तू चालायची, पण बाहेरून बोल्टचं डोकं दिसायचं, आणि त्या ते परत परत बोटाने चाचपून बघायच्या.

एका गोष्टीचा मात्र त्यांना भयंकर राग होता. स्क्रू बसल्यानंतरही जोर लावून पिळणारा माणूस त्यांना बघवत नसे. बाजारपेठेत एकदा एक जण शिडीवर चढून दुकानाची पाटी लावत होता, हातात बॅटरीवर चालणारं मशीन. करर्र आवाज झाला आणि सिस्टर रस्त्यातच थांबल्या.

"खाली उतर," त्या म्हणाल्या.

तो माणूस बावरून उतरला. त्याला वाटलं वरून काही पडलं.

"स्क्रू बसला की थांबायचं. कळतं ना हाताला, बसला म्हणून?"

"मशीन हाय सिस्टर, हाताला कसं कळंल?"

"म्हणून तर हात वापरायचा."

त्यांनी कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढून त्याला दिला आणि उरलेले सगळे स्क्रू त्याने हाताने लावेपर्यंत शिडी धरून उभ्या राहिल्या. मी पिशव्या घेऊन बाजूला. येणारे-जाणारे हसत होते, पण टिंगलीने नाही. गावाला त्यांची सवय होती.

मलाही त्यांनी शिकवलं. जुन्या खुंटीत स्क्रू परत घालताना तो सरळ पिळायचा नाही. आधी हलक्या हाताने उलटा फिरवायचा. फिरवता फिरवता एका जागी तो टक्कन खाली उतरतो. म्हणजे त्याला त्याचे जुने आटे सापडले. मग सुलटा फिरवायचा. "नाहीतर तो नवे आटे पाडत जातो, आणि खुंटीचा जीव जातो," त्या म्हणायच्या. मला पहिल्यांदा तो टक्क ऐकू आला तेव्हा त्यांनी मला चहा करून पाजला.

त्यांचं सगळंच साधायचं असं नाही. शेजाऱ्यांच्या इस्त्रीची मूठ त्यांनी गोंद आणि खायचा सोडा घालून बसवली होती. सोड्यावर गोंद पडला की दगडासारखा घट्ट होतो, हा त्यांचा आवडता उपाय. पण इस्त्री तापली, गोंद सुटला आणि मूठ शेजाऱ्यांच्या हातात राहून इस्त्री त्यांच्या नव्या शर्टावर पडली. सिस्टर दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घेऊन गेल्या. रंग असा भडक निवडला होता की शेजाऱ्यांनी तो कधी घातला नाही. त्यानंतर तापणारी वस्तू कोणी आणली की त्या हात जोडायच्या.

कुठे हळदीकुंकू असो की हळद, सिस्टर थोड्या वेळाने दिसेनाशा होत. एका हळदीत त्यांना शोधायला गेले, तर त्या कुलरच्या मागे जमिनीवर बसलेल्या, पदरात चार स्क्रू. "आवाज येत होता गं," एवढंच म्हणाल्या.

पण पुढे पुढे त्या स्क्रू डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागल्या. मग खिडकीत जाऊन. मग एक दिवस मला हाक मारून विचारलं, "हा स्क्रू आहे का खिळा?" मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना ऑपरेशनला धीर देणारी बाई स्वतः मात्र टाळत होती. नाताळ होऊ दे, थंडी सरू दे, असं वर्षभर चाललं होतं. शेवटी मी रजा टाकली आणि दसऱ्यानंतर त्यांना एसटीने नगरला नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं: वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्यावर ताण द्यायचा नाही. दुसऱ्या डोळ्याचं पुढे बघू म्हणाले. सिस्टर घरी येऊन खुर्चीत बसल्या आणि डबे माझ्याकडून वरच्या फळीवर ठेवून घेतले, मोह नको म्हणून.

त्याच दिवसांत चंद्रकलाची घरघंटी बंद पडली.

चंद्रकला आमच्या मागच्या गल्लीत राहायची. मूळ गाव पाथर्डीच्या पूर्वेला, कोरडवाहू पट्ट्यातलं. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे, कारखाना बंद झाला की परत यायचे. मुलगी तोवर कधी आजीकडे, कधी त्यांच्याबरोबर फडात. आता ती दहावीला होती. या वर्षी चंद्रकलानं मागं राहायचं ठरवलं होतं. घरघंटी घेतली होती, गल्लीतल्या बायका दळणं आणू लागल्या होत्या. एवढ्यात दाराचं बटण गेलं.

घरघंटीचं दार लावल्याशिवाय ती सुरू होत नाही. दाराआड एक बटण असतं, दार लागलं की ते दाबलं जातं. ते बटण ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेलं होतं, तिची खुंटी मुळातून मोडली होती. बटण वायरीला लोंबकळत होतं. कंपनीच्या माणसाने सांगितलं की पार्ट मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही.

रविवारी दुपारी चंद्रकलाचा नवरा ती पट्टी रुमालात बांधून घेऊन आला. मागून चंद्रकला. अबोल, रापलेला माणूस. उंबऱ्याशीच बसला.

"सिस्टर, उद्या सांजच्याला गाडी भरायचीय," तो म्हणाला. "मुकादम आजच इचारीत हुता, जोडी येतीय का न्हाई. हे चाललं तर ही ऱ्हाती. न्हाई तर तिला यावंच लागंल."

"वायरमनला दाखवलं?"

"त्यो म्हनला, बटनाच्या दोन वायरी एकीला एक पिळून देतो. दार उघडं असलं तरी चालतीय मग."

सिस्टर खुर्चीत ताठ झाल्या. "आणि दार उघडं असताना आत हात गेला तर?"

त्याने रुमालाची गाठ सोडली.

"मी तुटलेली बोटं कागदात गुंडाळून आणलेली बघितलीत," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "ते बटण हातासाठी असतं, मशीनसाठी नाही. वायरी पिळायच्या नाहीत. पट्टी इकडं दे."

त्यांनी पट्टी घेतली आणि मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग ती पट्टी माझ्या हातात दिली.

"तू करशील," त्या म्हणाल्या.

"मला नाही जमणार सिस्टर."

"मला तर दिसतच नाही. म्हणजे तूच राहिलीस."

आधी तासून काढलेला एक कपचा वाडग्यात टाकला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. "बुडलं," चंद्रकला म्हणाली, आणि सिस्टरनी छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. मग त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. मोडकी जागा कानशीने सपाट केली. तापवलेल्या सुईने बारीक भोकं पाडली, लांबीला धरायला जागा मिळावी म्हणून. माझ्या संपलेल्या पेनाची नळी कापून त्या जागी उभी केली. दोन रंगांची लांबी एकत्र मळून नळीत भरली. प्रार्थनेच्या मेणबत्तीचं मेण स्क्रूला चोळलं, म्हणजे लांबी वाळल्यावर तो अडकणार नाही, फिरवला की निघून येईल आणि मागे त्याचे आटे तेवढे राहतील. आणि तो स्क्रू नळीत मधोमध उभा केला.

सिस्टरनी पट्टी मागितली. डोळे चष्म्याआड मिटलेलेच होते. त्यांनी एक बोट स्क्रूच्या डोक्यावर ठेवलं, दुसरं पट्टीच्या कडेवर.

"कललाय."

"सरळ दिसतोय सिस्टर."

"दिसत असेल. तुझ्या बाजूला कललाय. बटण तिरपं बसेल आणि दार लागलं तरी दाबलं जाणार नाही. काढ."

सगळं उपसून काढलं. लांबी परत मळली. माझ्या कपाळावर घाम, बोटं चिकट. या वेळी स्क्रू उभा करताना सिस्टरनी आपली दोन बोटं माझ्या बोटांवर ठेवली आणि सूतभर कुठेतरी ढकललं. मला काही फरक दिसला नाही. "आता," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही."

चंद्रकलाचा नवरा उठला. "सकाळी कळंल मग," तो बायकोला म्हणाला. "तवर मुकादमाला काय सांगू?"

चंद्रकला इतका वेळ वाडग्यातल्या पाण्याकडे बघत होती. "सांगा मी येत न्हाई म्हनून," ती म्हणाली.

"अगं, अजून चालली कुठं घंटी?"

"चालंल, न्हाई तर न्हाई चालंल. न्हाई चालली तर दुसरं काम बघीन. पोरीचं हे वरीस हाय. तिला टाकून मी फडात जाऊन काय तोडू?"

 अर्धी जोडी घेऊन जायचं म्हणजे मुकादमाची बोलणी आणि दुप्पट मेहनत, हे त्याला आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पण आवाज चढवला नाही. "मग धाकल्याला जोडीला घेतो," तो म्हणाला. "लगीन व्हयाचंय त्याचं, मोकळाच हाय." रिकामा रुमाल झटकून खिशात घातला आणि दोघं गेली.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधी मी पट्टी घेऊन चंद्रकलाकडे गेले. रात्रभरात लांबी दगडासारखी झाली होती. स्क्रू फिरवला तर मेणामुळे अलगद निघाला. बटण जागेवर ठेवलं, स्क्रू घातला, उलटा फिरवला, टक्क झाल्यावर सुलटा. बसल्यासारखा वाटला तिथे थांबले. अजून अर्धा वेढा द्यावा अशी फार इच्छा होत होती.

चंद्रकलानं ज्वारी घातली आणि दार लावलं. घंटी सुरू झाली. सगळी पेटी थरथरत होती, मी बटणाच्या बाजूला कान लावून उभी. दळण संपलं तरी बंद पडली नाही. मग तिच्या नवऱ्याने दार उघडलं, घंटी थांबली. लावलं, सुरू झाली. परत उघडलं. त्याला त्यात गंमत वाटायला लागली, चंद्रकलानं शेवटी त्याचा हात बाजूला केला.

संध्याकाळी पोस्टातून येताना ट्रक भरत होता. भांडी, पाचटाच्या खोपीसाठी बांबू, शेळ्या, माणसं. चंद्रकला नवऱ्याला भाकऱ्यांचं गाठोडं द्यायला आली होती. धाकटा दीर आधीच वर चढून बसला होता. ट्रक हलल्यावर ती थोडी चालत मागे गेली, मग पदराने तोंड पुसून वळली. मला म्हणाली, "दळान टाकून आलेय वो ताई, बायका खोळंबल्यात."

मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी आवाजाबद्दल विचारलं, थरथरीबद्दल विचारलं, स्क्रू किती पिळला ते तर फिरवून फिरवून विचारलं. पण त्यांना स्वतः बघायचं होतं. डॉक्टरांनी धुळीत जायला परवानगी द्यायच्या आधीच एका सकाळी त्या काळा चष्मा काढून, नाकातोंडाला पदर बांधून माझ्याबरोबर निघाल्या.

चंद्रकलानं त्यांना पोत्यावर बसवलं. सिस्टरनी घंटीचं दार उघडून टॉर्चने ती खुंटी पाहिली. बराच वेळ पाहिली. वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली, वर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला.

"किती ओंगळ केलंयस गं," त्या म्हणाल्या.

"तासून देऊ का नीट?"

"नको. हात लावू नको. चालू दे."

चंद्रकलानं दार लावलं. दळण सुरू होतं तोवर सिस्टर गप्प बसून ऐकत होत्या. पीठ डब्यात पडलं तेव्हा चंद्रकलानं ओंजळभर काढून त्यांच्या हातावर ठेवलं, अजून गरम. सिस्टर ते चिमटीत घेऊन बघतील, बारीक की जाड सांगतील, असं मला वाटलं. पण त्या नुसत्याच बघत राहिल्या. हात उन्हात नेला, परत सावलीत आणला.

"ज्वारीचं पीठ इतकं पांढरं असतं?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं पिवळसरच असतं."

"पांढरंच असतंय की सिस्टर," चंद्रकला म्हणाली.

सिस्टरनी पिठावरून नजर उचलली. समोरची भिंत पाहिली, दोरीवर वाळत घातलेला शाळेचा निळा स्कर्ट पाहिला, मग माझ्याकडे वळून माझ्या तोंडाकडे असं पाहिलं की जणू मी आत्ताच बॅग घेऊन दारात आले आहे.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाक," त्या म्हणाल्या. "नाताळच्या आधीची."